ताई, उद्या बाळाची लस आहे

३ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवं गाव, भाड्याच्या दोन खोल्या. मागच्या खिडकीतून उजेड इतका छान येतो की सासूबाईंनी आल्या आल्या तिथंच आपली खाट टाकली. आमच्या आठ महिन्यांच्या भोंग्यानं (खरं नाव कशाला, दिवसभर वाजतच असतो) शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी ओळख करून दिली. नवरा महिनाअखेरीस येईल. काम मनासारखं मिळालंय: वस्तीतल्या आयांना बाळाच्या लसीची आठवण करून द्यायची. दारोदार माणूस पाठवणं संस्थेला परवडत नाही, म्हणून एकच वाक्य माझ्या आवाजात भरून घेतलं. 'ताई, उद्या बाळाची लस आहे, दवाखान्यात नक्की या.' ते फोनवरून हजारो घरी जाणार. साहेब म्हणाले, आवाजात माया आहे. मी दिवसभर हवेत.

११ फेब्रुवारी
वस्तीत फिरले. मी तोंड उघडायचा अवकाश, बायका हसायला लागतात, फोनवाली ताई आली म्हणून. एकीचं मूल म्हणे माझा आवाज ऐकला की रडायचं थांबतं. इथं माझ्या पोटचा गोळा माझं काडीचं ऐकत नाही. दवाखान्याबाहेर रांग लागली होती, नर्सबाईंना चहा प्यायला फुरसत मिळाली नाही.

१८ फेब्रुवारी
लसीचा दिवस आणि दवाखान्यात चिटपाखरू नाही. नर्सबाई आणि मी माशा मारत बसलो. शेवटी डोकं तापलं, वस्तीत जाऊन जाब विचारला. तर बायकाच चकित. म्हणे काल मीच फोन करून पाण्याच्या टाकीखालच्या जुन्या खोलीत बोलावलं, मीच बाळांना कडेवर घेतलं, मीच टोचलं. दंड दाखवले. खरोखर टोचल्याची खूण होती. आमच्या डब्यातली एकही कुपी उघडलेली नाही.

२० फेब्रुवारी
साहेबांपुढे दोन तास डोकेफोड केली, घसा बसला. त्यांचं एकच पालुपद: भरलेलं वाक्य दुसरं काय बोलणार? लस झाली की आईनं फोनवर एक नंबर दाबायचा असतो, आणि सगळ्यांनी दाबलाय. इतक्या स्वस्तात इतकं काम आजवर कुणी केलं नाही, म्हणून पुढल्या आठवड्यापासून आणखी तीन जिल्हे. मी म्हटलं, मुलांना काय टोचलंय तेच आपल्याला माहीत नाही. ते म्हणाले, आकडे बघा. दगडाशी बोलले असते तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी
नर्सबाईंनी काही बाळं तपासायला बोलावली. रक्त घ्यायला सुई लावली, एकही रडलं नाही. सगळी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आया खूश, मुलं शहाणी झाली म्हणून. मला तिथंच ओरडावंसं वाटलं, पण घसा अजून सुटलेला नाही.

२५ फेब्रुवारी
भर दुपारी टाकीखालच्या खोलीपाशी गेले. दाराला गंजलेलं कुलूप, त्यावर कोळ्याचं जाळं. आत कुणीतरी बोलत होतं. मीच बोलत होते. 'झालं हं, झालं माझं सोनं.'
हे मी कुणाला भरून दिलेलं नाही. हे मी फक्त घरी म्हणते, भोंग्याला.

२६ फेब्रुवारी
साहेबांना म्हटलं, फोन बंद करा. नाही म्हणाले. माझा आवाज काढून टाका म्हटलं. तुम्ही सही केलीय, तो आता संस्थेचा, म्हणाले आणि हसले.
सासूबाईंना बजावलं, माझा फोन आला तरी बाहेर पडायचं नाही. त्यांना रागच आला. सुनेचा आवाज मला कळत नाही का, म्हणाल्या. नवऱ्याला निरोप धाडलाय. उद्या राजीनामा, आणि मिळेल त्या गाडीनं परत —

२७ फेब्रुवारी
राजीनामा टेबलावर टाकून आले. रोज कोपऱ्यावरूनच भोंगा ऐकू येतो. आज गल्ली शांत.
सासूबाई म्हणतात, तूच फोन केलास ना. कालचं मनावर घेऊ नका म्हणालीस. टाकीपाशी तूच त्याला कडेवर घेतलंस —
दंडावर कापूस. चिमटा काढला. जोरात काढला. रड ना रे राजा, रड —
बघतोय. माझ्या तोंडाकडे.

फोन. माझाच आवाज. ताई, बाळाची झाली. आता आईची. उद्या नाही, आत्ता —

दार वाजतंय. बाहेरून मी हाक मारतेय. सासूबाई उठल्या, मी समोर असून त्या आवाजामागे निघाल्या. नको म्हणून ओरडले, तर तोंड नुसतं उघडलं. आवाज नाही. हात धरला तर झटकला. टाळ्या वाजवतेय, त्या वळत नाहीत. लिहून दाखवते —

सासूबाई, कडी काढू नका. ती मी नाही. मी इथं आ