बंपर आला की निघू

अण्णा, तुमच्या गाडीचा पुढचा बंपर आज बसवला. बसवताना एक बाजू मी धरली होती, म्हणून आत्ता लिहिताना मनगट दुखतंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की मधल्या काळात तुमच्यावर रागवायचंही मी विसरून गेले होते. या बंपरनं तो राग परत आणून दिला आणि त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून हा कागद पुढ्यात घेतला.

इथे हैदराबादेत पुन्हा राज्याची वाटणी चालली आहे. बँकेत जा, भाजीवाल्याकडे जा, कोण आंध्रात जाणार आणि कोण तेलंगणात राहणार याच गप्पा. आपल्या हिमायतनगरच्या गल्लीतले नोकरदार कुठलं राज्य निवडायचं त्याचा 'ऑप्शन' हा शब्द तुमच्यासारखाच दबक्या आवाजात उच्चारतात. तो ऐकला की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं, रिकाम्या फडताळांचं.

मी तेव्हा तिसरीत होते. जुनं हैदराबाद राज्य मोडून तीन दिशांना चाललं होतं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार होते आणि मराठी माणूस म्हणून तुमची नेमणूक औरंगाबादला झाली होती. औरंगाबाद म्हणजे आईचं माहेर. तिनं आठवड्याभरात घरातलं सामान बांधून टाकलं. पितळी डबे गवतात गुंडाळून पोत्यांत भरले, पोत्यांची तोंडं सुतळीनं शिवली, एक पातेलं आणि एक तवा तेवढा बाहेर ठेवला. माझं शाळेतून नाव काढलं, दाखला ट्रंकेत गेला. गाडी तुम्ही त्याच सुमाराला घेतली होती, जागीर गेल्यावर घरातली एकेक वस्तू विकायला काढणाऱ्या एका जागीरदाराकडून. त्या गाडीतून आपण ऐटीत औरंगाबादला जाणार होतो. फक्त पुढचा बंपर गंजलेला होता. तो सोडवून तुम्ही नामपल्ली स्टेशनमागच्या एका दुकानात क्रोमचं पाणी चढवायला दिलात आणि आईला म्हणालात, "बंपर आला की निघू."

मग आपण थांबलो. मी पोर्चमध्ये त्या बिनबंपरच्या गाडीत बसून आहे. शाळा नाही, पुस्तकं बांधलेली, समोरून माझ्या वर्गातल्या मुली शाळेत जातायत आणि आई सांगते, त्यांच्याकडे बघत बसू नकोस, तुला आता तिकडे नव्या मैत्रिणी मिळतील. संध्याकाळी तुम्ही येता. आई दारातच विचारते, "आला का?" तुम्ही टोपी खुंटीला लावता. "अजून नाही. उद्या बघतो." आई पातेलं चढवते. खिचडी, भात, पुन्हा खिचडी. कचेरीत तुम्ही काय कारण सांगत होतात ते मला माहीत नाही, घरात मात्र बंपरच सांगितलात. एकदा जेवताना मी विचारलं, "अण्णा, बंपर नसला तर गाडी चालत नाही का?" तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही," म्हणालात, तेही ओरडून. तुम्ही मला ओरडल्याची माझ्याकडे ही एवढीच आठवण आहे. आईनं तुमच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ ती वाढायचीच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विळीवर एका पोत्याची शिवण उसवली. आतली मोठी कढई काढली, चिंच लावून घासली. तुम्ही म्हणालात, "अगं, आता निघायचंच आहे ना?" तिनं कढई चुलीवर चढवली. त्या दिवशी तिनं इथल्या पद्धतीची बघारी वांगी केली, तेल सुटेपर्यंत परतून, आणि सगळ्यांना पोटभर वाढली. पुढे थोड्याच दिवसांत तुमची औरंगाबादची नेमणूक रद्द झाली, तुम्ही इथेच राहिलात आणि नेमका त्याच आठवड्यात बंपरही आला. काय चकाकत होता! तुम्ही मला चारमिनारपर्यंत फिरवून आणलंत. आई त्या गाडीत कधीच बसली नाही. देवळात जायचं तरी सायकलरिक्षा करायची. कुणी विचारलं तर सांगायची, मला पेट्रोलच्या वासानं मळमळतं.

आता माझं ऐका. मागच्या वर्षी मी न्हाणीत पडले. तुमचा नातू, माझा मुलगा, पुण्याहून धावत आला आणि चार दिवसांत त्यानं सगळं ठरवून टाकलं. घर बिल्डरला, मी पुण्याला. पोरगा गुणी आहे, माझ्यासाठीच करतोय, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. मी एवढंच म्हटलं की अण्णांची गाडी नीट करते, चांगल्या हातात देते आणि येते. त्याला वाटलं, म्हातारीला काहीतरी नाद हवा. मी एक मिस्त्री गाठला. तो आपल्या पोर्चमध्येच काम करायला लागला. इंजिन उतरलं, पत्रा ठोकून झाला, काळा रंग लागला, गाद्या नव्यानं शिवल्या. प्रत्येक कामात मी खोड काढायची आणि त्यानं मुकाट पुन्हा करायचं, असं करत करत वर्ष काढलं. शेवटी उरला बंपर.

तो घेऊन मी दिलसुखनगरच्या पुढे एका क्रोमवाल्याकडे गेले. माझ्याच वयाचा, थोडा मोठाच असेल. गाडी कुणाची म्हणून विचारलं, मी तुमचं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. नामपल्लीचं दुकान त्याच्या वडिलांचं, आणि तो तेव्हा नुकता दुकानात बसायला लागलेला.

"साब को भूलता क्या मैं? बंपर तो कब का तय्यार था अम्मा. हर जुम्मे को आते थे. चाय पीते, बंपर पो हात फेरते, और बावा को बोलते, अभी नक्को मियाँ, रैने देओ."

त्यानं हे कौतुकानं सांगितलं. आई दारात "आला का" म्हणून विचारत होती, मी गाडीत बसून मैत्रिणी मोजत होते, आणि तुम्ही तिकडे दर शुक्रवारी तयार बंपरशेजारी चहा पीत होतात! अण्णा, त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला काय काय बोलले असते, ते इथे लिहवत नाही.

पण त्या माणसानं बंपर तयार करून आणल्यावर मी काय केलं? डाव्या कोपऱ्यात डाग आहे म्हटलं. त्यानं निरखून पाहिलं. "डाग नई अम्मा, ऊपर का पंखा दिखरा." तरी मी परत पाठवला. पुढच्या वेळी आणखी काहीतरी काढलं. तिसऱ्या खेपेला त्यानं चहा मागवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला बंपर घेऊन घरी येणं भाग पडलं.

पुण्याला मी दोनदा राहून आलेय. सोसायटीतल्या बायका प्रेमळ आहेत. मी 'नक्को' म्हटलं की हसतात, 'किती गोड' म्हणतात. एकीनं सरळच विचारलं, तुम्ही मूळच्या मराठीच ना? तेव्हा मला तुमची आठवण झाली होती. तुमची सगळी नोकरी उर्दूत गेली. आईच्या माहेरी मराठीत चार ओळी लिहायच्या तरी तुम्ही आईला विचारायचात. औरंगाबादला मुंबईचे साहेब येणार, ते तुमच्या बोलण्यावर हसणार, या वयात पाटीवर पुन्हा अक्षरं गिरवावी लागणार, याची तुम्हाला भीती वाटली असेल. तेवढं आईला सांगितलं असतंत तर ती आधी रडली असती, मग तिनंच काहीतरी मार्ग काढला असता. निदान पोत्यांशेजारी बसून वाट तरी बघितली नसती.

आज सकाळी मिस्त्रीनं जमिनीवर घोंगडी अंथरली, बंपर त्यावर ठेवला, रबराच्या चकत्या लावल्या. त्याचा जोडीदार आला नव्हता. "अम्मा, ये बाजू पट्टुकोंडी, छोडना नक्को," म्हणाला. मी वाकून धरलं. आधी सगळे नट हातानंच फिरवून घ्यायचे, लांब जाऊन बंपर सरळ आहे का बघायचं, आणि मगच पाना लावायचा. तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला. "बराबर है ना अम्मा?" मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. माझ्या हातात ते सगळं वजन होतं, हात सोडलाही नाही आणि तोंडही उघडलं नाही. त्यानं येऊन एकेक नट आवळला.

इतके दिवस मला वाटत होतं, मी तुमच्यावर गेलेय. तसं नाही. तुम्हाला राहायचं होतं आणि तुम्ही राहिलात, कुणाला काय सांगायचं ते बरोबर सांगून. मी आईवर गेलेय. तिला जायचं होतं, मला जायचं नाही, आणि दोघींनीही ते कधी शब्दांत सांगितलं नाही. आमच्यासाठी कुणीतरी दुसऱ्यानंच ठरवलं, आणि आम्ही पोती शिवली.

मला जायचं नाही, अण्णा. हे मी पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही ज्याच्या हातात आता काही नाही अशा माणसाला. ज्याच्या हातात आहे त्याचा संध्याकाळी फोन आला होता. बंपर बसला म्हणून मी सांगितलं. तो खूश झाला, शनिवारी न्यायला येतो म्हणाला. मग मी त्याला विचारलं, पुण्याला हल्ली थंडी कितपत असते, स्वेटर किती घेऊ.