चांदीचा डबा आणि कृष्णाबाईची दोन इंजेक्शनं

मी, दीना जोसेफ रोहेकर, वय ६८, राहणार रोहा, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. केमोनंतर माझ्या नाकाला वास कळत नाही. बाकी मी पूर्ण शुद्धीवर आहे, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे.

१. रोह्याचं घर माझा भाऊ सामाजी, राहणार रामवाडी, पेण, याला मिळावं. आजोबांच्या तेलघाण्याचा दगड अंगणातून हलवू नये.

२. आईची समई वहिनी ज्युडिथने परस्पर नेली. ती तिलाच राहू दे. मी नर्सकडून लॅव्हेंडरचं तेल वापरायला शिकले, तेव्हा ज्युडिथ म्हणाली होती, “तेल्याच्या पोरीला तेलाची शिकवणी.” तेव्हा हसू आलं होतं, म्हणून माफ.

३. शनिवारी सांजेला शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, संपला की आम्ही बेने इस्राएली चांदीच्या डब्यातला सब्जा हुंगतो आणि डबा शेजारच्याच्या हाती देतो. कासू गावची कृष्णाबाई माझ्याबरोबर केमोला असायची. तिला ओकाऱ्या फार. नर्सने कापसावर तेलाचे दोन थेंब दिले आणि बजावलं, “यानं जरा बरं वाटेल, कॅन्सर जाणार नाही. इंजेक्शन चुकवायचं नाही.” कृष्णाबाई दर शनिवारी माझ्याकडे येऊ लागली. सब्ज्यात मी तो कापूस ठेवायचे. ती हुंगून म्हणायची, “आता ओकारी नाय गो. मी बरी झाले.” ओकारी नव्हती, कारण तिने केमोची दोन इंजेक्शनं घेतलीच नव्हती. हे मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. माझ्याकडे दुसरं कोणी येत नसे. बोलले तर तीही यायची थांबेल, असं वाटलं. मे महिन्यात ती गेली. मला रडू आलं नाही, अजून येत नाही.

४. कृष्णाबाईची मुलगी रंभा हिच्या छातीत गाठ आहे. ती तपासायला जात नाही. म्हणते, “आयला दवाखान्यानंच मारलं.” डबा तिला द्यावा, पण तपासणीचा कागद बघूनच.

५. सामाजी, कलम तीन आणि चार माझ्या मरणाची वाट न बघता उद्याच कासूला जाऊन रंभाला वाचून दाखव. तिने दार लावलं तर बाहेर उभं राहून मोठ्याने वाच. मी गप्प बसले, तू बसू नकोस.

सही : दीना जोसेफ रोहेकर
आमच्यासमोर सही केली : पुंडलिक दाजी म्हात्रे, विमलबाई कमळाकर ठाकूर
रोहा, ९ नोव्हेंबर २०१४