बोळावरची तार

ता. २ जाने. १९३६
रेडिओवर आजही मुंबई नाही, नुसती खरखर. गाणं सुरू झालं की कढईत चकल्या सोडल्यासारखं. सौ. म्हणाली, "बंद करा, डोकं उठलं." दोष रेडिओचा नाही, एरियलचा, हे तिला कोण सांगणार. तार लांब हवी. आमची गच्ची हातभर.

ता. ४
समोरच्या मल्लप्पांना विचारलं, दुसरं टोक तुमच्या गच्चीवर बांधू का. "बांधा की मास्तर, इचारताय काय." स्वतः खुंटी ठोकून दिली. "जत्रेच्या काठीच्या सरावाआधी तेवढी उतरवा." हो हो म्हटलं. मुंबई लागली! गवई श्वास घेतो तोही ऐकू येतो. सौ. पण येऊन बसली. आता शाळेत दिवसभर शेखी मिरवणार.

ता. ७
काय करून बसलो.
सिद्धेश्वराच्या जत्रेची मानाची काठी यंदा मल्लप्पांनी कमरेला पेलून न्यायची, थोरल्या भावानंतर पहिल्यांदाच. आज सराव. काठी दुमजली घराहून उंच. सरावाच्या दिवसांत बोळातल्या बाया वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा काढतात. मला सगळं ठाऊक. पण यमन चालू होता. म्हटलं, एवढी चीज संपू दे. कोपऱ्यावर काठीवाल्यांचं 'हर्र बोला' ऐकलं, तरी तार सोडायला उठलो नाही.
मग रेडिओ गप्प, बाहेर ओरडा. तिन्हीसांजेला बारीक तार कुणाला दिसणार? शेंडा अडकला. मल्लप्पांनी काठी भुईला लागू दिली नाही, अंगावर घेतली. खांदा निखळला.

ता. ८
हाडवैद्य म्हणाला, यंदा काठी विसरा. चुलतभाऊ धरणार. बोळात कुणी मला दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं. सौ. म्हणते, जाऊन या. पाय उचलत नाही.

ता. ११
गेलो. खांद्यावर आंबेहळदीचा लेप. क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच म्हणाले, "मास्तर, आमी आलो ते ऐकू आलं न्हाय व्हय?"
"नाही," म्हणालो.
"मग तुमचा काय दोष."
त्यांच्या आईनं चहा दिला. प्यालो. निर्लज्ज.

ता. १४
जत्रेच्या काठ्या मिरवत गेल्या. मल्लप्पा गच्चीवर, त्या खुंटीपाशीच उभे, हात गळ्यातल्या झोळीत. दुसरा हात कपाळाला लावून काठी दिसेनाशी होईतो बघत होते. डोळे पुसले. मग मी दिसलो, तर हाक मारून म्हणाले, "जत्रा झाली की तार परत बांधू, मास्तर. लई छान ऐकू येत हुतं."
म्हणजे गाणं त्यांच्यापर्यंतही जात होतं; त्यांचं 'हर्र बोला' माझ्यापर्यंत आलंच असणार, हेही त्यांना ठाऊक.
मी मान डोलावली.