आईच्या वाट्याचं शहर

बुकित तिमाह, सिंगापूर
रविवार

सौ. शैला हिस आशीर्वाद.

मी बरा आहे, काळजी नको. आपली गार्गी जिंकली! गेल्या वर्षी शाळेच्या स्टेजवर अडखळून रडत खाली आलेली आपली नात काल भाषणात पहिली आली.

विषय होता जर्मनीतली जुन्या काळची एक छोटी जहागीर. मालक काउंट, म्हणजे तिथला सरदार, आणि तट बांधलेली तीन शहरं. शहरं कसली, आपल्या वाईपेक्षा लहान! मला इंग्रजी कळत नाही, म्हणून पोरगी रोज मला मराठीत सांगायची. काउंट वारला, मुलांनी वाटणी केली, इथवर आली की मी तिला अडवायचो, "अगं, पण त्यांच्या आईचं काय? तिला कोणी सांभाळलं?" शेवटी वैतागून तिने ते शोधून काढलं.

काल परीक्षकबाईंनी नेमकं तेच विचारलं, आपल्या सारंगने माझ्या कानात मराठीत सांगितलं. गार्गीने ताडकन उत्तर दिलं. सर्वांत लहान शहर आणि तिथल्या पुलाची जकात मरेपर्यंत आईचीच होती, मुलांनाही हात लावता येत नव्हता. टाळ्या थांबेनात! खाली येऊन म्हणते, "आजोबा, ईझी ला! त्यांच्यापेक्षा तुम्ही जास्त छळलंत." इथली पोरं बोलताना शेवटी असं 'ला' जोडतात.

तुझा गुडघा कसा आहे? रात्री कडी नीट लावतेस ना?

आपलं घर तुझ्या नावावर करायचं ठरवलंय. सारंग घाबरून विचारतो, "बाबा, बरं वाटतंय ना?" म्हटलं, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तुझा,
मुरलीधर