सोळाशे सातचे पळपुटे

६ जुलै, रविवार

चर्चमधून आत्ताच आलो. आजपासून रोजनिशी. यंदा बीन्सचा हंडा मी काढणार. ठरलं म्हणजे ठरलं.

सदतीस वर्षं हा मान हार्लनकडे आहे. हार्लन म्हणजे माझ्या बायकोचा, वर्नाचा भाऊ. धंदा लॉब्स्टरचा, दिवसाला एकूण वाक्यं चार. ऑगस्टअखेर चर्चचं जेवण असतं. आदल्या दिवशी खड्ड्यात निखारे घालून त्यावर बीन्सचा लोखंडी हंडा पुरतात आणि दुसऱ्या दिवशी गावासमोर माती सारून तो वर घेतात. घेणारा गावात जन्मलेलाच हवा. आता माझा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या इस्पितळात झाला, कारण आईला नेमकं तेव्हाच बहिणीकडे जायचं सुचलं! इथे आणलं तेव्हा मी सहा आठवड्यांचा होतो. आज चौसष्ट वर्षांचा आहे. तरी 'बाहेरचा'. एकतीस वर्षं यांच्या दारोदार टपाल वाटलं, बर्फात नि चिखलात. कुत्रीसुद्धा दोन-तीन वर्षांत भुंकायची थांबली. माणसं नाही थांबली.

संकल्प: रोज सकाळी पाठीचे व्यायाम. गोड बंद. हार्लनशी वाद नाही.

७ जुलै

व्यायाम उद्यापासून. आज दमट हवा आहे.

९ जुलै, दुपारी

आली, संधी आली! ओहायोच्या ग्लॅडिसने (चुलत बहीण, रिकामटेकडी, पण आज तिला सगळं माफ) घराण्याचा कागद पाठवलाय. आमचा एक पूर्वज टटल, पिंपं बनवणारा, १६०७ साली जहाजाने इथेच आला होता. इथेच! केनेबेक नदीच्या तोंडाशी, पॉपहॅमच्या इंग्रज वसाहतीत. म्हणजे या गावात एकाचंही घर नव्हतं, तेव्हा टटल हजर होते. वर्नाची सात पिढ्यांची ऐट काय सांगता?

कागदावर पुढे 'पुढील वर्षी इंग्लंडला परत' असंही आहे. तो तपशील गौण.

वर्नाला सांगितलं. ती म्हणाली, ऑर्विल, यंदा काही खटपट करू नकोस, गप्प बस, बरं होईल. बायकोचा पाठिंबा हा असा.

१२ जुलै, शनिवार

वसाहतीच्या जागेवर गेलो. घरापासून गाडीने अकरा मिनिटं, पण टपाल सोडल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो. तिथे काय आहे? गवत. एक फलक. गाड्या लावायला जागा. डास. खुद्द वसाहतीचं म्हणाल तर नावालासुद्धा एक दगड दिसत नाही. खंदक खणला, कोठार बांधलं, चर्च बांधलं, चांगलं जहाजही बांधलं आणि वर्ष-सव्वा वर्षात शेपूट घालून पळाले. का, तर थंडी! थंडी म्हणे! मी त्या थंडीत टपाल वाटलंय.

(आमचा टटल नाइलाजाने गेला असणार. त्याचा स्वभाव तसा नव्हता.)

तिथे कनेटिकटचा एक दातांचा डॉक्टर भेटला, पांढरी चड्डी, पांढरे बूट. टेकडीवरचं घर घेतलंय म्हणाला. मला विचारतो, वसाहत कुठे आहे हो? म्हटलं, तुम्ही तिच्यावरच उभे आहात. तो दचकून बाजूला झाला. हे उन्हाळी पाहुणे! जूनमध्ये यायचं, आमचे रस्ते अडवायचे आणि पानं पिवळी पडायच्या आत धूम ठोकायची. यांच्यापेक्षा डास परवडले. डास निदान इथले आहेत.

१८ जुलै, सकाळी १०.१५

प्रयोग. वसाहतवाल्यांसारखा अख्खा दिवस त्या जागेवर काढायचा. जवळ फक्त खारवलेला मासा, कडक बिस्किटं आणि पाणी. पहाटे सहाला पोहोचलो. सव्वासातला मासा संपला. आठला हिरव्या डोळ्यांच्या माश्या आल्या. त्या कपड्यांतून चावतात. ९.४० ला प्रयोग आटोपला.

निष्कर्ष: या ठिकाणी राहणं शक्य आहे. मनोधैर्य हवं.

वाटेत बेकरीत थांबलो. एकच व्हूपी पाय (क्रीम भरलेला चॉकलेट केक) घेतला, तोही शास्त्रापुरता. दुसरा वर्नासाठी होता, पण तिला गोड चालत नाही.

२७ जुलै, रविवार

अपमान. चर्चच्या पायरीवर आल्माबाईंनी गाठलं. वय एक्क्याण्णव. हंडा कोणी काढायचा हे त्याच ठरवतात. गावात त्यांच्यापुढे पाद्रीही बोलत नाही. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, काय रे पोरा, पाठ कशी आहे तुझी? वाकता येतं ना नीट?

सगळ्यांच्या देखत! म्हातारा झालास, असंच सुचवायचं होतं. मी थंडपणे म्हणालो, पाठ ठणठणीत आहे. त्यांनी नुसती मान हलवली.

वर्ना गाडीत हसत होती. विचारलं तर म्हणते, काही नाही.

२ ऑगस्ट

कागद पुरेसा नाही. या लोकांना हातात वस्तू लागते. त्या जागेवर खणायला सरकारची बंदी आहे. पण उताराच्या अलीकडे हार्लनचं शेत आहे, आणि वसाहतवाले काय कुंपण बघून चालत होते?

हार्लनकडे गेलो. तो लॉब्स्टरचा पिंजरा दुरुस्त करत होता, मधूनमधून डावा खांदा दाबत. म्हणाला, खण, पण बुजव. मग म्हणाला, त्या कोपऱ्यात पूर्वी आमचे... मी म्हटलं, हार्लन, मला चारशे वर्षांपूर्वीचं पाहिजे, तुमचं पूर्वीचं नको. निघताना म्हणतो, हाताचं माप किती तुझं? कशाला, तर असंच. मला खणायला हातमोजे लागतील, मी नाजूक आहे, असं त्याला म्हणायचं होतं. वाद घातला नाही. संकल्प पाळला.

३ ऑगस्ट

खणलं. दोन फूट. पाठ धरली. हार्लनला कळू द्यायचं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, ११.२०

सापडलं!!

तीन फुटांवर काळी माती. खाली कोळसा. गोल मांडलेले दगड, जाळाने तडकलेले. आणि त्यात लोखंडी झाकण, गंजलेलं, हातभर रुंद. मुठीवर कानशीने कोरलेली फुली. फुली म्हणजे क्रूस. म्हणजे ख्रिस्ती. म्हणजे इंग्रज. म्हणजे १६०७. आमच्या टटलने याच चुलीपाशी हात शेकले!

तज्ज्ञांना कळवायचं नाही. श्रेय लाटतात. आधी गावासमोर, जेवणाच्या दिवशी, हंडा काढायच्या ऐन वेळी. आल्माबाई काय करतात ते बघतोच. हार्लनचा चेहरा तर फ्रेम करून लावीन.

१६ ऑगस्ट

भाषण तयार. अकरा पानं. वर्नाला पहिली चार वाचून दाखवली. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, ऑर्विल, माझ्यावर विश्वास आहे ना? त्या दिवशी तोंड उघडू नकोस. पुढच्या शनिवारपर्यंत फक्त गप्प राहा, एवढं ऐक माझं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

समजू शकतो. भावाचा मान जाणार, बहिणीला लागतंच. तिला थोपटलं. भाषण चौदा पानांवर नेलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हंडा पुरला. मी लांबून पाहिलं. उद्या.

व्यायाम राहून गेले, पण सहा आठवडे मन तयार केलंय.

२३ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी ७

जे झालं ते लिहितो.

सगळं गाव जमलं होतं, उन्हाळी पाहुणेही. आल्माबाई काठी टेकत खड्ड्यापाशी आल्या, हातात चामड्याचे नवे हातमोजे. म्हणाल्या, यंदा हार्लनचा खांदा गेलाय, तेव्हा हंडा काढायला मी... तेवढ्यात मी बाकावर चढलो. वर्नाने माझी पँट ओढली. मी सोडवून घेतली आणि सुरुवात केली. तिसऱ्या पानावर झाकण वर धरलं.

आल्माबाई म्हणाल्या, आण इकडे. अंगठ्याला थुंकी लावून मुठीवरची फुली घासली. म्हणाल्या, अरे, हे तर माझ्या बापाचं झाकण! ही फुली त्याने माझ्यासमोर कोरली होती, कोणाशी अदलाबदल होऊ नये म्हणून. तेव्हा जेवण हार्लनच्या आजोबांच्या शेतात व्हायचं. माझ्या लग्नाच्या वर्षी हे हरवलं आणि आई मेली तोपर्यंत शेजारणीला चोर म्हणत राहिली.

हार्लन म्हणाला, मी सांगत होतो.

मी डगमगलो नाही. म्हटलं, झाकण राहू द्या, रक्त तर खरं आहे! ग्लॅडिसचा कागद वाचला. आल्माबाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, आले कधी तुझे हे लोक? म्हटलं, ऑगस्टात. गेले कधी? पुढच्या वर्षी. हिवाळे किती काढले? म्हटलं, एक. अर्धे तर डिसेंबरातच... इथे मी थांबलो, पण उशीर झाला होता.

हार्लन म्हणाला, म्हणजे उन्हाळी पाहुणे.

असं हसू या गावात मी ऐकलं नव्हतं. पाद्री गवतावर बसला. फक्त आल्माबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोरा, चौसष्ट हिवाळे काढलेस तू. मी जूनमध्येच सांगितलं होतं, यंदा ऑर्विल काढेल, कुठे का जन्मेना, तो आपलाच. तुला आयत्या वेळी सांगायचं, मजा येईल, असं वर्ना म्हणाली. पण आता तू स्वतःच गावासमोर सांगतोस की तू त्या पळपुट्यांचा. मग मी कोण तुला आपलं म्हणणारी?

आणि हातमोजे वर्नाला दिले.

वर्नाने हंडा काढला. एका दमात. हातमोजे तिला मोठे होत होते. मनगटापाशी शाईने माझं नाव लिहिलं होतं, अक्षर तिचंच.

२४ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेलो नाही. पाठ.

वर्ना रागावलेली नाही, हे जास्त वाईट. हातमोजे दाराजवळच्या खुंटीला टांगलेत. पुढच्या वर्षी बघू म्हणते. आल्माबाई पुढच्या वर्षी ब्याण्णव होतील, आणि त्या काहीही विसरत नाहीत. वसाहतवाल्यांचं नाव या घरात पुन्हा निघणार नाही. एक हिवाळा! लाज वाटायला हवी होती त्यांना.

काल लिहायचं टाळलं ते एक. बीन्स घेतले तेव्हा आमच्या बाकावर कोणी सरकून जागा देईना, सगळे हसून हसून डोळे पुसत होते. शेवटी पाहुण्यांच्या टेबलाच्या टोकाला बसलो. शेजारी तो दातांचा डॉक्टर. तो भाषण संपल्यावर आला होता, त्याने मला ओळखलं नाही. पाव पुढे केला, बीन्स उत्तम झालेत म्हणाला, आणि मग आपुलकीने विचारलं, आम्ही लेबर डेला, उन्हाळा संपला की, निघतोय, तुम्ही कधी परत जाणार?

म्हटलं, अजून ठरलं नाही.