ताउनोकाकांनी लपवलेली वल्ही

प्रिय आई, तळ्याकाठच्या घरातून तुझ्या आयलाचं खूप प्रेम.

बाबा सुखरूप आहेत. पलीकडच्या काठावरचे ताउनोकाका स्वतः मोटरबोटीने येऊन आत्ताच सांगून गेले. बाबा सकाळी एकटेच जाळी काढायला गेले होते. वारा फिरला आणि त्यांची होडी काकांच्या धक्क्याला लागली.

गार पाण्यात जाळी ओढून डावा हात थोडा बधिर झालाय म्हणतात, बाकी काही नाही. तू काळजी करू नकोस. खुब्याचे टाके काढले का? हॉस्पिटलात कॉफी तरी बरी मिळते ना?

काका त्यांना मोटरबोटीतून आणणार होते, पण बाबा उखडले. "वल्हवत आलो, वल्हवतच जाईन. मी काय सामान आहे?"

मग काकांनी वल्हीच सौनाच्या न्हाणीघरात लपवली. "म्हातारा मला चोर म्हणतोय," काका मला म्हणाले. "म्हणू दे. पण लाटा बघ, पोरी."

बर्चची पानं पिवळी पडू लागलीत. पश्चिमेला आभाळ काळं झालंय.

संध्याकाळी वारा पडेल, असं रेडिओवर सांगितलंय. पडला की वल्ही सापडतील आणि बाबा निघतील. काका त्यांना दिसणार नाहीत इतकं अंतर ठेवून मागे राहतील. मी कंदील घेऊन धक्क्यावर उभी असेन.

तुझीच,
आयला