ज्वारीवर ताणलेला तिसरा अल्बम

बाबा, आज तुमच्यावर उट्टं काढलं. ते सांगायला बसलो.

तुम्ही विसरले असाल, मी नाही विसरलो. ज्वारी हुरड्यात आली होती, मिठ्ठूंनी उच्छाद मांडला होता, आणि मी नागपूरहून त्या विलायती प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या पहिल्या तीन अल्बमच्या कॅसेटी आणल्या होत्या. एकेक गाणं कॅसेटची अख्खी बाजू खाऊन टाकणारं. मधेच बासरी, मधेच दगड घरंगळावे तसे ड्रम. उमगत नव्हतं, पण सोडवतही नव्हतं. म्हटलं, क्रमानं ऐकू, पोरं कशी तयार होत गेली ते पाहू. दुसरी अर्धी झाली होती, तिसरीचं प्लास्टिकही फाडलं नव्हतं. संध्याकाळी वावरात येतो तर तिन्हींच्या पट्ट्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ताणलेल्या, वाऱ्यावर भुणभुणून राहिल्या, आणि तुम्ही भजनी मंडळासोबत हुरडा खात बसलेले.

"काऊन बाबा, माह्याच कॅसेटी सापडल्या?"

"मंग का भजनाच्या फाडू? याले ना ताल ना तोल. पाखरं तरी भेतीन."

मंडळ पोट धरून हसलं. ते हसणं मी लोणच्यासारखं मुरत ठेवलं, बाबा.

मग संसार, संत्र्याची बाग, सगळ्यात ते ऐकणं राहूनच गेलं. यंदा तुमच्या नातीनं मोबाइलमध्ये सगळं भरून दिलं. पहिला अल्बम घरी ऐकला, दुसराही. तिसरा मुद्दाम तुमच्यासाठी राखला. आज तुमचा फोटो आणि स्पीकर घेऊन त्याच वावरात निघालो. तुमची सून म्हणते, "अवो, बुढ्याले मेल्यावर तरी झोपू द्या."

म्हटलं, "झोपू देतो. पहिले ऐकू देतो."

फोटो संत्र्याच्या बुंध्याला टेकवला, आवाज फुल्ल केला. आधी लांबलचक ऑर्गन, मग ड्रम आले. मी मांडीवर बोटं मोजत गेलो. तीन, दोन, दोन. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सात मात्रा. तुमचा रूपक, बाबा. शनिवारी जामसांवलीला मारुतीपुढे डोळे मिटून ज्यावर झुलायचे, तोच. ना ताल ना तोल म्हणे. पहिल्या मात्रेला हात उलटा करून, पुढच्या दोन जागी टाळी देऊन, गाणं संपेपर्यंत तुमच्या तोंडासमोर ताल धरला. तुमचं मंडळ सारं वर गेलं, नाहीतर त्यांनाही रांगेत बसवलं असतं. एकदा वाजवून जीव भरला नाही, म्हणून दुसऱ्यांदा लावलं. लय गोड लागलं.

आता हा कागद घडी करून स्पीकरच्या खोक्यात ठेवून देतो, दुसरं कुठं धाडणार.

फक्त वर आवाज फुल्ल केला असं लिहिलं, ते खरं नाही. जेवणानंतरची वेळ होती, तुमची आडवं व्हायची. अर्ध्यावरच ठेवला होता.